अमानत आणि वकालत

वकील म्हणजे ज्याच्यावर काम सोपवले तो, असे आम्ही उर्दूच्या वर्गात शिकवतो. चिकलठाण्यातला कामगार वकालतनाम्यावर अंगठा उमटवतो तेव्हा तो अमानतच सोपवत असतो. तिच्यात खयानत झाली तर? १९६१च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे बार कौन्सिलची शिस्तपालन समिती ताकीद देते, निलंबित करते किंवा सनद काढून घेते. म्हणजे वकिलांचा न्याय वकीलच करणार! एका परीने हे रास्त आहे. धंद्यातली लबाडी धंद्यातलाच ओळखतो. पण भाईबंदकी आड आली तर? मुंबईच्या फौजदारी न्यायालयांत अशील ओढणाऱ्या वकिलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली महाराष्ट्र बार कौन्सिललाच अपिलापुरते पीडित पक्ष मानले. आम्हाला त्यातच उत्तर दिसते. अशिलाची फसवणूक ज्याला स्वतःची जखम वाटते, त्यालाच आपल्या भावाचा न्याय करण्याचा हक्क पोहोचतो.