न झालेल्या गोलांचा हिशेब

माँट्रियलच्या डग हार्वेचे १९५१ सालचे पार्कहर्स्ट कार्ड संग्राहक आजही जिवापाड जपतात. हा आइस हॉकीतला बचावपटू. १,११३ सामन्यांत गोल अवघे ८८. तरीही सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याला ७ वेळा मिळाला. मला प्रश्न पडतो तो असा : त्याने अडवले म्हणून जे गोल झालेच नाहीत, ते कोणत्या रकान्यात मांडायचे? पुण्याचा हिशेब आपण घडलेल्यावरून करतो. टळलेल्या अनर्थाला साक्षीदार कुठला? (घरोघरच्या आयांचे तरी याहून वेगळे काय असते?) १९५७ मध्ये टेड लिंडसेबरोबर खेळाडूंची संघटना उभारण्यात तो पुढे होता. संघटना टिकली नाही. १९६१ मध्ये माँट्रियलने त्याला न्यूयॉर्कला देऊन टाकले. तिथल्या पहिल्याच मोसमात त्याने सातवा नॉरिस घेतला.