प्रारब्ध आणि देणे

कारखान्यात काम करताना ज्याचा हात यंत्रात सापडला, ज्याला काही काळ पंधरवड्याची नुकसानभरपाई मिळत राहिली आणि मग कोणतेही कारण न कळविता ती बंद झाली, अशा माणसाने काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ कायद्याचा वाटतो. परंतु त्याच्या मनात तो प्रथम उठतो तो धर्माचा प्रश्न म्हणूनच. हात गेला ते प्रारब्ध, मिळाले ती धन्याची मेहेरबानी आणि याहून अधिक मागणे हा लोभ, असे शेजारीपाजारी त्याला सांगतात, आणि समाधानाच्या संस्कारात वाढलेले त्याचे मनही त्यांना दुजोरा देते. कचेरीची पायरी चढण्यापूर्वी या शंकेचे निरसन झाले पाहिजे.

कर्मसिद्धान्त माणसाला स्वतःच्या दुःखाकडे पाहण्याची दृष्टी देतो. दुसऱ्याच्या दुःखाविषयीचे कर्तव्य माफ करण्याची सनद तो कोणालाही देत नाही. जखमी माणसाने आपली वेदना प्रारब्ध म्हणून धैर्याने सोसली, तर ते त्याचे तप होय; परंतु ज्याच्या कामी तो हात खर्ची पडला त्यानेच त्या प्रारब्धाकडे बोट दाखवून देणे बुडविले, तर तो अधर्म होय. शतपथ ब्राह्मणाने देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर मनुष्यऋणही सांगितले आहे. माणूस माणसाचे देणे लागतो हा विचार आपल्या परंपरेत इतका जुना आहे.

१९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचे नैतिक मर्म हेच होते. काम करीत असता आणि कामामुळे इजा झाली एवढे सिद्ध झाले, म्हणजे मालकाची चूक होती की नव्हती याचा निवाडा होईपर्यंत त्या माणसाला तिष्ठत ठेवण्याचे कारण उरत नाही. पाप कोणाचे हा शोध सोडून कायद्याने येथे ऋण कोणाचे एवढेच पाहिले. ज्या धंद्यातून नफा निघतो त्यानेच त्यात मोडलेल्या देहाचा भार वाहावा, हा न्याय विलायती म्हणून ज्यांना परका वाटतो त्यांनी स्मरावे, की १८८४ सालीच सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी, अशी मागणी केली होती.

तेव्हा बंद पडलेले देणे मागणे ही याचना नव्हे, आणि ते मागण्याचा रीतसर मार्गही आहे. इजा टिकून असल्याचा वैद्यकीय दाखला, पगाराच्या चिठ्ठ्या, अपघाताची नोंद आणि मिळालेल्या रकमांचा हिशेब एकत्र करून मालकाकडे लेखी मागणी करावी. दाद न मिळाल्यास नुकसानभरपाईच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे दरखास्त द्यावी. प्रकृतीत पालट झाला असे कोणत्याही पक्षाचे म्हणणे असेल, तर वैद्यकीय दाखल्यासह अर्ज आल्यावर पंधरवड्याच्या रकमेचा फेरविचार करण्याचा अधिकार त्या प्राधिकाऱ्याला आहे. मूळ दाव्याची मुदत सामान्यतः २ वर्षांची असून सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो. देणे महिन्याहून अधिक थकले तर व्याज, आणि थकण्यास समर्थनीय कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही बसू शकतो. थकलेली रक्कम जमीनमहसुलाच्या बाकीप्रमाणे वसूल करता येते. हक्क सोडल्याच्या करारावर आधीच सही घेतलेली असली, तरी कायद्यापुढे तो करार रद्दबातल ठरतो. ज्याचा कर्मचारी राज्य विमा योजनेत विमा उतरला आहे, त्याला मात्र आपली मागणी मालकाऐवजी त्या योजनेच्या महामंडळाकडे, आणि वाद उरल्यास कर्मचारी विमा न्यायालयाकडे न्यावी लागते. १९२३ सालच्या कायद्याची जागा आता २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असून, मालकाच्या या दायित्वाचे तत्त्व तिनेही पुढे चालविले आहे.

या खटाटोपात चित्ताची शांती ढळेल, अशी भीती काहींना वाटते. परंतु १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी ज्या कर्मयोगाचे प्रतिपादन केले, त्यात शांती ही कर्मत्यागाने मिळणारी वस्तू नाही. द्वेष न बाळगता तारखेला हजर राहणे, खोटे न बोलता आपली कैफियत मांडणे, फैसला काय होईल या चिंतेने न खचता मुदत पाळणे, हे सारे निष्काम कर्मच आहे. कारण त्याचे फळ त्या एका माणसापुरते उरत नाही, त्याच यंत्रावर उद्या उभ्या राहणाऱ्या माणसालाही ते संरक्षण देते.

समाधानाचा उपदेश करणारांवर मात्र यातून एक जबाबदारी येते. मनुष्यऋण जर सर्वांवर आहे, तर ते केवळ मालकाने फेडून भागत नाही. ज्या जखमी माणसाला अर्ज लिहिता येत नाही त्याचा अर्ज लिहून देणे, साक्ष देण्यास न कचरणे आणि निकाल लागेपर्यंत त्याच्या घरची चूल पेटती ठेवणे, हा त्या ऋणातला आपला वाटा आहे. तो उचलल्यावाचून त्याला धीर धरण्यास सांगण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.