स्मरणाचे ऋण

पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या कड्यांवर आणि फ्रान्सच्या चिखलात पडलेल्यांची कलेवरे मायदेशी आणावयाची नाहीत असे ब्रिटिश साम्राज्य सरकारने ठरविल्यावर, आप्तांनी शोक करावयाचा तो कशापाशी, या प्रश्नाला ऑस्ट्रेलियातील लहानसहान गावांनी दगडावर कोरलेल्या नावांनी उत्तर दिले. तेथील बॅलरॅट शहराने तर 1917 ते 1919 या काळात, फौजेत दाखल झालेल्या प्रत्येकामागे एक, अशी सुमारे 3,800 झाडे लावली. आणि त्यांचा क्रम हुद्द्याचा नव्हे, तर भरतीचा. सक्तीची भरती मतदारांनी दोनदा नाकारली असल्यामुळे हे सारे स्वेच्छेने गेलेले होते, आणि म्हणूनच परतलेल्यांनाही तेथे झाड आहे. देह नसला तरी नाम पुरते, ही श्रद्धा मला मनापासून मान्य आहे.

परंतु स्मरण हे जर ऋण असेल, तर ते केवळ दप्तरी नोंदलेल्यांचेच कसे ठरावे? न्यू साउथ वेल्समधील मायल क्रीक येथे 1838 साली वसाहतीतील घोडेस्वारांनी किमान 28 निःशस्त्र आदिवासींची, त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले व वृद्ध, कत्तल केली. त्यापायी सात जण फाशीही गेले. दूरदेशी पडलेल्या पुत्रांची नावे इतक्या निष्ठेने जपणाऱ्या त्याच भूमीत, घरच्या अंगणात मारल्या गेलेल्या या माणसांसाठी स्मारकशिळा उभी राहिली ती 2000 साली.