आंबोण

अमेरिकेतल्या कॅसिनोंत अनेक वर्षं एक दृश्य हमखास दिसायचं. स्लॉट मशीनपुढे बसलेल्या आजीबाईंच्या कोटाला प्लॅस्टिकची पीळदार दोरी अडकवलेली. दोरीच्या दुसऱ्या टोकाला सभासदाचं कार्ड आणि कार्ड मशीनच्या खाचेत. कार्ड तिथेच विसरून जाऊ नये म्हणून ही सोय. पण गोठ्यात वाढलेल्या माणसाला ते दावंच वाटेल.

कार्ड आत गेलं की पडद्यावर नाव उमटतं, स्वागत होतं. मग प्रत्येक पैजेची नोंद होते, गुण साठतात आणि त्या गुणांवर जेवण, खोली, कार्यक्रमांची तिकिटं ‘फुकट’ मिळतात. हे फुकट मोजतात कसं? समजा, ब्लॅकजॅकच्या टेबलावर एक जण डावाला सरासरी २५ डॉलर लावतो. तासाला ६० डाव, असे चार तास. एकूण पैज झाली ६,००० डॉलर. कॅसिनोचं पारडं दोन टक्क्यांनी जड धरलं, तर त्याचा अपेक्षित तोटा १२० डॉलर. त्यातला काही हिस्सा, समजा तिसरा, म्हणजे ४० डॉलर त्याच्या पाहुणचारावर खर्च करायचे. गंमत अशी की, त्या रात्री तो जिंकला तरी हे गणित तेच राहतं. जिंकणाऱ्याच्या नावावरही तोटाच मांडलेला असतो. तो पुन्हा येणार आणि आज ना उद्या हरणार, हे धरूनच त्याला जेवू घालतात.

हार्वर्डमध्ये शिकवणारे गॅरी लव्हमन १९९८ साली हॅराज या कॅसिनो कंपनीत गेले. कार्डांच्या नोंदींवरून कंपनीला उमगलं की २६ टक्के गिऱ्हाइकांकडून ८२ टक्के उत्पन्न येतं. ही मंडळी कुणी कुबेर नव्हती. शिक्षक, डॉक्टर, बँकवाले, कारखान्यातले कारागीर. बरेचसे उतारवयातले किंवा निवृत्त, गाठीला थोडा पैसा आणि हाताशी वेळ असलेले. त्यांच्यासाठी गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड अशा पायऱ्या बांधल्या. वरच्या पायरीवरच्यांची रांग वेगळी आणि आखूड. लांब रांगेतल्यांना ती दिसत राहावी, हाही योजनेचाच भाग. पुढे सीझर्स नाव घेतलेल्या या कंपनीचा मुख्य कॅसिनो व्यवसाय २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेला, तेव्हा तिला कर्ज देणाऱ्यांनी या एका योजनेची किंमत एक अब्ज डॉलर धरली होती.

माणसं कार्डाच्या या दाव्यात मान का अडकवतात? फुकटच्या जेवणासाठी म्हणावं, तर हिशेब त्यांनाही कळतो. ओढ असते ती मानाची. महाभारतातलं द्यूतही आमंत्रणानंच सुरू झालं. धृतराष्ट्रानं सभा बांधून घेतली, बोलवायला विदुराला धाडलं. या खेळात घात आहे हे युधिष्ठिराला कळत होतं, पण आलेलं बोलावणं नाकारणं त्याच्यानं झालं नाही. राजाची ही गत, तर शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांचं काय? चाळीस वर्षं ‘सर, सर’ ऐकलेल्या कानांना घरात दिवसभर कुणाची हाक नसते. तिकडे मशीन नाव घेतं, वाढदिवसाला पत्र येतं, दारावरचा माणूस अदबीनं पुढे होतो.

धार काढताना म्हशीपुढे आंबोण ठेवतात. आंबोण खरी असते, चवीची असते, म्हैस ती मनापासून खाते. चरवी मात्र तिच्या नजरेआड असते. कॅसिनोला दोष देणं सोपं आहे. तो धंदा आहे, धार काढायलाच बसलाय. पण एखाद्याला नावानं हाक मारायचं काम आपण सोडून दिलं, म्हणून तर ते यंत्राकडे गेलं.

आपल्या ओळखीतही असे एखादे मास्तर असतील. या आठवड्यात त्यांना चहाला बोलवावं. मागच्या खेपेला कोण कुणाकडे गेलं होतं, ते मोजू नये.