काय पुसायचं, काय राखायचं

प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशन जुनं पडलं की पहिला फटका नवख्याला बसतो. जुनी मंडळी प्रकल्पाची रीडमी फाइल उघडतच नाहीत, त्यांच्या हातात सगळं बसलेलं असतं. नव्यानं आलेली मुलगी मात्र लिहिलेलं प्रमाण मानून एकेक कमांड चालवत जाते. तिसऱ्या पायरीवर डेटाबेसच्या सेटिंगचं जे नाव दिलंय, ते कोडमध्ये केव्हाच बदललेलं असतं. कनेक्शन होत नाही. आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून ती अख्खी दुपार घालवते. रीडमी नसतीच, तर तिनं शेजारच्याला विचारून काम उरकलं असतं.

त्यामुळे कोड आणि त्याची माहिती एकाच बदलात गेली पाहिजे, याबाबत मी आग्रही आहे. जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये नवं फीचर द्यायचं तर टेस्ट आणि डॉक्युमेंटेशन दोन्ही सोबत जोडावं लागतं. पायथनमध्ये २००१ सालच्या २.१ आवृत्तीपासून डॉकटेस्ट आहे. माहितीत दिलेली उदाहरणं ते खरोखर चालवून बघतं आणि उत्तर जुळलं नाही की टेस्ट फेल होते. त्याही आधी, ३ नोव्हेंबर १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये कमांडच्या पानांवर ‘बग्ज’ असा मथळा होता आणि ती कमांड कुणाच्या जबाबदारीची, याचीही नोंद होती. बनवणाऱ्यानंच उणीव लिहून ठेवायची, ही रीत मला फार मोलाची वाटते.

पण हे सगळं झालं ‘कसं चालवायचं’ याबद्दल. ‘असं का केलं’ हे कुठली टेस्ट तपासणार? समजा, रिपोर्टच्या कोडमध्ये टाइमआउट तीस सेकंदांचा आहे. महिनाअखेरीला पगाराचा रिपोर्ट पंचवीस सेकंद घेतो म्हणून कुणीतरी तो विचारपूर्वक ठेवला होता. पुढे एक हुशार मुलगा ‘इतका कशाला?’ म्हणून तो पाचवर आणतो. सगळ्या टेस्ट पास होतात. महिना संपतो तेव्हा पगार अडकतात.

डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ च्या एका निबंधात अशीच हकीकत मांडली आहे. एका गटानं कंपायलर बनवला, दुसऱ्यानं तो वाढवायला घेतला. कोड होता, भरपूर डॉक्युमेंटेशन होतं, पहिल्या गटाचा सल्लाही मिळत होता. तरी दुसऱ्या गटानं सुचवलेले काही बदल मूळ रचनेची ताकदच मोडणारे होते आणि पहिल्या गटाला ते बघताक्षणी कळलं. प्रोग्रामची खरी समज माणसांच्या डोक्यात असते, कागदावर ती पुरती उतरत नाही, असं नाउर म्हणतात. मला हे पटतं. म्हणून लिहिणं सोडून द्यावं, हे मात्र पटत नाही.

आपल्याकडे ही समज उतरवून घ्यायची वेळ येते ती माणूस नोटीस पीरियडवर असताना. मग ‘केटी’च्या, म्हणजे नॉलेज ट्रान्सफरच्या, मीटिंगा लागतात. सर्व्हर कसा रीस्टार्ट करायचा, पासवर्ड कुठे ठेवलेत, हे सगळं नीट सांगितलं जातं. पण तीन वर्षांपूर्वी दुसरा पर्याय का नाकारला, ते कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी सांगणाऱ्याला ते धड आठवत नाही. कारण लिहायचं ते निर्णय ताजा असतानाच.

सॉफ्टवेअर आर्किटेक्ट मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये यासाठी एक साधी पद्धत सुचवली. प्रत्येक मोठ्या निर्णयाची छोटी नोंद करायची: परिस्थिती काय होती, काय ठरलं, त्याचे परिणाम काय. ही नोंद कोडच्याच रिपॉझिटरीत राहते. निर्णय फिरला तरी ती पुसत नाहीत. तिच्यावर ‘रद्द’ असं लिहून नव्या नोंदीचा क्रमांक देतात. रीडमीतली जुनी कमांड बेलाशक खोडावी. तीस सेकंदांचं कारण मात्र, पगाराचा रिपोर्ट पुढे दोन सेकंदांत व्हायला लागला तरी, तारखेसकट तसंच ठेवावं.