पांगुळगाडा

आईला सांभाळायला ब्युरोकडून ज्या मावशी येतात, त्या स्वभावानं चांगल्या आहेत. औषधाची वेळ चुकवत नाहीत, पाय चेपताना गावाकडच्या गोष्टी सांगतात. फक्त सकाळी दूध देताना त्यांचा सूर बदलतो. "चला, आमच्या बाळानं आज सगळं दूध संपवायचं, हं." परवा आईनं पेला खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "मला बाळ म्हणू नका. माझी बाळं साठीला आलीत."

म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, असं आपण किती सहज म्हणून जातो. तोंडाचं बोळकं, डगमगती पावलं, भरवावा लागणारा मऊ भात. वरवर पाहिलं तर साम्य आहेच. मला मात्र हल्ली त्या शब्दांचा राग येतो, आणि त्या रागाला आधार मिळाला एका नव्वदीतल्या बाईंच्या लिखाणात. त्यांचं नाव जोन एरिकसन. मानसशास्त्राच्या पुस्तकात सापडतात ते त्यांचे यजमान, एरिक.

एरिक एरिकसन १९०२ साली जर्मनीत जन्मला. आई डेन्मार्कची ज्यू. खरा बाप कोण, हे त्याला आयुष्यभर कळलं नाही. सावत्र वडिलांचं होम्बुर्गर हे नाव लावून तो वाढला. उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा. शाळेत पोरं त्याला ज्यू म्हणून चिडवायची आणि सिनेगॉगमध्ये परका म्हणून. १९३९मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेताना त्यानं आडनाव बदललं: एरिकसन, म्हणजे एरिकचा मुलगा. ज्याला बाप सापडला नाही त्यानं स्वतःलाच बाप केलं. 'आयडेंटिटी क्रायसिस' हा आज कुणाच्याही तोंडी असलेला शब्दप्रयोग रूढ केला तो याच माणसानं. आयडेंटिटीला आपण अस्मिता म्हणतो आणि लगेच झेंडे, मोर्चे, पाट्या आठवतात. त्याला अभिप्रेत होता तो सतरा वर्षांच्या पोराचा आरशासमोरचा प्रश्न.

१९५०च्या 'चाइल्डहूड अँड सोसायटी'मध्ये त्यानं आयुष्याचे आठ टप्पे मांडले. फ्रॉइडनं माणूस घडण्याची कथा बालपणातच जवळपास संपवली होती. एरिकसननं ती मरणापर्यंत नेली. प्रत्येक टप्प्यावर एक ओढाताण. तान्ह्या बाळाला जगावर विश्वास टाकायचा की नाही, हे ठरवायचं असतं. दोन-तीन वर्षांचं पोर 'मी करणार' म्हणून हटून बसतं. मग खेळातला पुढाकार, शाळेतली मेहनत, वयात येतानाचं 'मी कोण', त्यानंतर कुणाशी तरी खरी जवळीक, मधल्या वयात पुढच्या पिढीसाठी झिजणं, आणि अखेरीस कृतार्थता, नाहीतर निराशा. बी.एड.ला हे सारं तक्ता करून पाठ केलं होतं. परीक्षेपुरतं.

तक्त्यात न दिसणारी एक गोष्ट जोनबाईंनी पुढे सांगितली. हे दोघं लॉस एंजेलिसला व्याख्यानाला निघाले होते. बाई गाडी चालवत होत्या, मांडीवर कागद घेऊन एरिक शेजारी. तेव्हा टप्पे सातच होते. चर्चा करता करता बाईंच्या लक्षात आलं, की तरुणांची जवळीक झाली की एकदम म्हातारपणच येतंय. घरात तीन मुलं वाढवणारे आपण दोघं यात कुठेच नाही! मधलं वय असं वाटेत, गाडीतच तक्त्यात शिरलं. संसाराच्या धबडग्यात असलेल्या माणसाला स्वतःचं वय दिसत नाही, याचा इतका चोख पुरावा दुसरा नसेल.

पण मोटारीत न बसलेलं एक मूलही होतं. १९४४मध्ये त्यांना डाउन सिंड्रोम असलेला मुलगा झाला, नील. त्याला संस्थेत ठेवलं आणि घरातल्या मुलांना सांगितलं की बाळ गेलं. १९९९मध्ये आलेल्या एरिकसनच्या चरित्रानं हे सर्वांसमोर आणलं. निरोगी बालपणाचा नकाशा काढणाऱ्या घरातलं हे मौन वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. दांभिकपणा म्हणून हात झटकता येतील, पण त्या काळी डॉक्टरही असाच सल्ला देत. आणि तक्ता मांडणारा माणूस तक्त्याबाहेर थोडाच राहतो.

१९६२मध्ये मानवी जीवनचक्रावरच्या चर्चासत्रासाठी एरिकसन अहमदाबादला आला, तोवर तो साठीचा झाला होता. यजमान होते अंबालाल साराभाई. १९१८च्या गिरणी संपात गांधीजी ज्यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि उपोषणाला बसले, तेच गिरणीमालक. मजुरांच्या बाजूला होत्या अंबालालांच्या सख्ख्या भगिनी अनसूयाबेन. एरिकसन त्या संपाच्या मागे लागला आणि त्यातून 'गांधीज ट्रुथ' हे पुस्तक झालं. १९७०मध्ये त्याला पुलित्झर मिळालं. संपाच्या वेळी गांधीजी अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. लाखोंचा बाप होऊ पाहणारा हा मधल्या वयाचा माणूस आपल्या घरातल्या मुलांचा बाप कसा होता, हा प्रश्न एरिकसनला इतका छळू लागला की पुस्तकाच्या मध्यावर लेखन थांबवून त्यानं थेट महात्माजींना उद्देशून एक पत्रच लिहिलं. त्यांच्या थोरल्या मुलाचं, हरिलालचं दुःख मराठी प्रेक्षकानं 'गांधी विरुद्ध गांधी' नाटकात पाहिलेलं आहे. नीलबद्दल कळल्यावर ते पत्र वेगळं वाचलं जातं, इतकंच म्हणते.

अहमदाबादेत आपली आश्रमव्यवस्थाही त्याच्यासमोर आली. शेजारी शेजारी ठेवलं तर गंमत दिसते. त्याचे आठातले पाच टप्पे विशीच्या आत संपतात. आपल्याकडे चारातले दोन आश्रम संसार आटोपल्यावर सुरू होतात, आणि तान्ह्या बाळाची मात्र मोजणीच नाही. मुंज झाली की गाडी सुरू. अर्थात ज्याची मुंज होते त्याचीच. माझ्या आजीला वानप्रस्थ कुणी विचारला नव्हता. तिनं शेवटपर्यंत भाजी निवडली.

१९९४मध्ये एरिक गेला, एक्क्याण्णवाव्या वर्षी. त्यानंतर जोनबाईंनी नववा टप्पा लिहिला. तो एरिकच्या जीवनचक्रावरच्या पुस्तकाच्या वाढीव आवृत्तीत १९९७ साली आला, आणि त्याच वर्षी त्याही गेल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कृतार्थता वगैरे आम्ही लिहिलं तेव्हा आम्ही म्हातारे नव्हतो. ऐंशी-नव्वदीत जुने सगळे झगडे परत उभे राहतात, फक्त उलटे होऊन. आधी विश्वास आणि मग अविश्वास नव्हे, अविश्वास आधी. पाय धरतील याची खात्री नाही, नाव वेळेवर आठवेल याची नाही.

बालपणाशी असलेला फरक इथेच आहे. पडलेलं पोर उद्या चालणार आहे, आणि ते त्याला माहीत नाही. आईला काय होणार आहे ते पुरतं माहीत आहे. ती कपाटाच्या किल्ल्या उशीखाली ठेवते आणि रात्रीतून दोनदा चाचपते. मी आधी चिडायचे, मावशींवर संशय घेतेस म्हणून. आता वाटतं, संशय मावशींवर नसावाच. चाळीस वर्षं वर्गात गणित शिकवलेल्या बाईला आपल्याच हिशेबाचा ताळा जुळतोय का, ते पाहायचं असतं.

गेल्या महिन्यात माझी भाची तिची दहा महिन्यांची मुलगी घेऊन आली. आईनं पणतीला खुर्चीला धरून उभं राहिलेलं पाहिलं आणि मला म्हणाली, "माळ्यावर पांगुळगाडा असेल, काढ." आम्हा भावंडांचा, सावंतवाडीहून आणलेला. मी धूळ झटकून तो खाली ठेवला. आई वॉकर पुढे सरकवत आली, एका हातानं वॉकर घट्ट धरला आणि दुसऱ्यानं गाडा वीतभर ढकलून पाहिला.

"उजवं चाक अडखळतंय," ती म्हणाली. "आधी तेल घाल. मग पोरीच्या हातात दे."