फाटक्या आवाजाचं मोल

आमचा जुना रेडिओ फाटका आवाज काढू लागला की वडील त्याला थापट्या मारीत. आणि परवा आमच्या चिरंजीवांनी आवाज मुद्दाम फाटावा म्हणून पैसे मोजून एक हिरवी डबी आणली! नाव ट्यूब स्क्रीमर.

म्हटलं, "अरे, ही लबाडी नव्हे काय?"

"बाबा, १९६४ साली किंक्सच्या डेव्ह डेव्हिसनं या आवाजासाठी ब्लेडनं स्पीकरचा पडदा चिरला होता. त्यापेक्षा ही बरी ना?"

मी गप्प. आपल्या तंबोऱ्याच्या तारेखाली तरी सुताचा दोरा कशाला सरकवतात? जवारी खुलावी म्हणूनच की!

डबीला पिळायला तीन कान: ड्राइव्ह, टोन, लेव्हल. ड्राइव्ह पूर्ण पिळला की सगळं एकसारखं खरखरतं. चिरंजीव तो कमी ठेवतात, लेव्हल चढवतात. मग पुढच्या अँप्लिफायरचे व्हॉल्व्हच गायला लागतात. म्हणजे डबी नुसती ढकलते, आवाज ज्याचा त्याचाच फाटतो. यात लबाडी कसली?

मी मात्र वीस वर्षं या पोराशी ड्राइव्ह पूर्ण आणि लेव्हल शून्य ठेवून बोलत आलो. नुसती खरखर झाली. पलीकडे काही वाजलं नाही. दोष रेडिओचा नव्हता हो!